नवे मूत्रपिंड, जुनी कातडी



सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या मुलाला स्वतःचे एक मूत्रपिंड दिले. मुलगा आता नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो. तेथील डॉक्टर त्याला दर सहा महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतात. ते तज्ज्ञ त्याला कपडे उतरवायला लावून टाळूपासून तळव्यापर्यंत सारे अंग भिंगाखाली पाहतात, आणि उन्हात उघड्या अंगाने फिरू नकोस अशी ताकीद देतात. "दुखणे मूत्रपिंडाचे आणि तपासणी कातडीची, हा काय प्रकार? इकडे आम्हाला असे कोणी सांगितले नव्हते. मुलाला काही झाले आहे आणि ते माझ्यापासून लपवले जाते आहे का?" असे त्यांनी विचारले आहे.

लपवाछपवीचा काही संबंध नाही, हे आधी सांगतो. तेथील डॉक्टर जे करत आहेत ते योग्यच आहे. प्रश्न आहे तो आपल्याकडे हे का होत नाही, आणि जशाच्या तसे व्हायला हवे का, हा. त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देण्याजोगे नाही, म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच ठेवले आहे.

मूत्रपिंड बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केली. देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते, त्यामुळे शरीराला ते मूत्रपिंड परके वाटलेच नाही. हे भाग्य इतरांच्या वाट्याला येत नाही. आईचे मूत्रपिंड असले तरी मुलाच्या शरीराला ते पाहुणेच वाटते, आणि आपली प्रतिकारशक्ती अशा पाहुण्याला बाहेर घालवायला धावते. तिला आवरण्यासाठी साठच्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आले, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आले, आणि पुढे टॅक्रोलिमस व मायकोफिनोलेट आली. भारतात वेल्लोरला १९७१ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाले, आणि आज तर तालुक्याच्या गावातही असा एखादा रुग्ण भेटतो. या सर्वांना ही औषधे रोज, ठरल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यावी लागतात.

आता कातडीकडे वळू. उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या पेशींमधील जनुकद्रव्यात रोज मोडतोड करत असतात. बहुतेक मोडतोड पेशी स्वतःच दुरुस्त करते. जी पेशी दुरुस्त होत नाही आणि वाकड्या वाटेने वाढू लागते, तिला प्रतिकारशक्तीचे पहारेकरी शोधून संपवतात. तुमच्या-माझ्या अंगात हे सतत चालू असते, आपल्याला पत्ताही लागत नाही. मूत्रपिंड वाचवण्यासाठी आपण या पहारेकऱ्यांना गुंगी देतो. त्यामुळे मूत्रपिंड सुखरूप राहते, परंतु कातडीवरचा पहाराही ढिला पडतो. चामखिळीचे विषाणू एरवी दबून असतात, तेही डोके वर काढतात, आणि त्यांचे काही प्रकार पेशींना कर्करोगाच्या दिशेने ढकलतात.

शिवाय काही औषधे स्वतःही या कामी हातभार लावतात. अ‍ॅझाथायोप्रिनमुळे त्वचेच्या पेशी उन्हातील 'यूव्ही-ए' किरणांना अधिक हळव्या होतात. हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. सायक्लोस्पोरिनमुळे जनुकद्रव्याची दुरुस्ती मंदावते. बुरशीच्या संसर्गावर दीर्घकाळ दिले जाणारे व्होरिकोनॅझोल हेही याच पंक्तीत बसते. जितकी वर्षे अधिक आणि औषधांची मात्रा अधिक, तितकी जोखीम अधिक. म्हणूनच हृदय किंवा फुप्फुस बदललेल्या रुग्णांना ती यकृत बदललेल्यांपेक्षा जास्त असते.

नॉर्वेमधील मूत्रपिंड आणि हृदय बदललेल्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात 'स्क्वेमस सेल' प्रकारचा त्वचेचा कर्करोग सर्वसाधारण लोकांच्या सुमारे ६५ पट आढळला. एरवी गोऱ्या लोकांत 'बेसल सेल' हा सौम्य प्रकार अधिक आणि स्क्वेमस सेल कमी असतो. प्रत्यारोपणानंतर हे पारडे उलटे फिरते. तो कर्करोग वाढतोही अधिक वेगाने, आणि गाठींपर्यंत पसरण्याची शक्यताही अधिक असते. ऑस्ट्रेलियात तर मुळातच त्वचेचा कर्करोग जगात सर्वाधिक आहे. वर ऊन प्रखर, खाली कातडी गोरी. तेव्हा मेलबर्नच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाच्या रुग्णाची कातडी पाहिली नसती, तरच नवल.

पण आपल्या सावळ्या लोकांचे काय?

आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. त्यामुळे आपल्याकडे प्रत्यारोपणानंतरही त्वचेचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने खूपच कमी होतो. हे खरे आहे आणि दिलासा देणारेही आहे. पण 'कमी' म्हणजे 'नाही' असा अर्थ घरोघरी लावला जातो, आणि घात तेथे होतो. सावळ्या कातडीत हा रोग उशिरा ओळखला जातो, कारण तो असेल अशी शंकाच कोणाला येत नाही. डॉक्टरांनाही नाही, हे माझ्या व्यवसायबंधूंची क्षमा मागून नमूद करतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्याकडे हा कर्करोग उन्हाच्या जागीच येतो असे नाही. थोर मराठी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईत टाटा रुग्णालयात काम करताना १९४५ साली एका शोधनिबंधात 'धोतराच्या कर्करोगा'चे वर्णन केले होते. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने कमरेवरची कातडी काळी, जाड आणि खरबरीत होते, आणि क्वचित तेथे कर्करोग उद्भवतो. परकराच्या नाडीच्या वळावर स्त्रियांमध्येही तो होतो, असे पुढे महाराष्ट्रातील शल्यचिकित्सकांनी नोंदवले आहे. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांना मांडीवर आणि पोटावर होणारा कर्करोग तर प्रसिद्धच आहे. भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा याही त्याच यादीतल्या. अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रत्यारोपित रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातील त्वचेचे कर्करोग बरेचसे झाकलेल्या भागांत आढळले. जांघ आणि गुप्तांग ही त्यांतली मुख्य ठिकाणे, आणि त्यामागे बहुधा चामखिळीच्या विषाणूचाच एक प्रकार होता. तेव्हा कपडे उतरवून तपासणे हा मेलबर्नच्या डॉक्टरांचा अतिरेक मानू नये. सावळ्या रुग्णासाठी तर तपासणीचा तोच भाग अधिक मोलाचा.

ओठ आणि तोंड यांनाही या तपासणीतून वगळू नका. प्रत्यारोपणानंतर ओठाच्या कर्करोगाची जोखीम वाढते. आपल्याकडे त्यात तंबाखू आणि मिश्री यांची भर पडते. मूत्रपिंड बदलल्यानंतर मिश्री लावणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. "तंबाखू खात नाही हो, नुसती मिश्री लावते," असे त्या मोठ्या निरागसपणे सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे येणारे एक निवृत्त बसचालक आहेत. त्यांना पत्नीने मूत्रपिंड दिले, त्याला आता तेरा वर्षे झाली. ते रक्तदाब तपासायला आले होते. डायलिसिसच्या काळात डाव्या हातात फिस्टुला केलेला, म्हणून दाब उजव्या हाताला मोजायचा. बाही वर सरकवली तेव्हा कोपराखाली हरभऱ्याएवढी, वरून खपली धरलेली टणक गाठ दिसली. तिच्याभोवतीची कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. विचारल्यावर कळले की तीन महिन्यांपूर्वी तेथे चामखीळ आली, आणि गावातील एका जाणत्याच्या सल्ल्याने त्यांनी तिच्यावर बिब्बा लावला. चामखीळ गेली नाही, पण भोवतीची कातडी मात्र उतली. बस चालवताना उजवा हात पंचवीस-तीस वर्षे खिडकीच्या उन्हात, आणि नंतर तेरा वर्षे अ‍ॅझाथायोप्रिन. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा तपासल्यावर निदान झाले स्क्वेमस सेल कर्करोगाचे.

शस्त्रक्रिया तशी छोटी झाली. जागा बधिर करून भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह गाठ काढली, आणि संध्याकाळी ते घरी होते. गाठ वेळेत सापडली की उपचार बहुतेक एवढाच असतो. मूत्रपिंडतज्ज्ञांनी त्यांच्या औषधांची फेरमांडणी केली. मात्र एकदा हा कर्करोग झाला की दुसरा होण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून दर चार महिन्यांनी तपासणी ठरली. दोन वर्षांनी उजव्या कानाच्या पाळीवर मोहरीएवढा खरबरीत ठिपका दिसला. तो त्यांच्या पत्नीने हेरला. डोक्याला तेल लावताना त्यांच्या बोटाला तो लागला. त्या वेळी नुसते गोठवून काम भागले.

औषधांबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हे वाचून कोणीही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी स्वतःहून कमी करू नये, एक दिवसही चुकवू नये. नाकारले गेलेले मूत्रपिंड परत मिळत नाही. कर्करोग झालेल्या रुग्णाची औषधे बदलता येतात. सिरोलिमस नावाच्या औषधावर नेल्यास नवे कर्करोग कमी होतात, असे युरोपातील चाचण्यांत दिसले आहे. परंतु त्याचे स्वतःचे त्रासही पुष्कळ आहेत आणि ते सर्वांना सोसत नाही. हा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांचा आहे, माझ्यासारख्या घरच्या डॉक्टरचा नव्हे, आणि शेजाऱ्यांचा तर नव्हेच.

'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' काढ्यांचे आणि चूर्णांचे आपल्याकडे अमाप पीक आले आहे. ज्याची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्याला ती वाढवणारे काही देणे म्हणजे एका हाताने कुलूप लावून दुसऱ्या हाताने किल्ली देण्यासारखे आहे. करोनाच्या काळात गुळवेलीच्या अतिसेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले होते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने असे काहीही तज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जाता जाता पपनसाचेही सांगून ठेवतो, कारण गणपतीत ते घरोघरी येते. पपनस आणि त्याच्या जातीची ग्रेपफ्रूट ही फळे टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी वाढवतात. प्रसाद म्हणूनही ते या रुग्णांना देऊ नये.

त्वचेचा कर्करोग टाळण्यासाठी निकोटिनामाइड या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवल्या जातात. ज्यांना पूर्वी असे कर्करोग झाले होते पण ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती, अशा लोकांना त्यांचा उपयोग ऑस्ट्रेलियातील २०१५ च्या चाचणीत दिसला. प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर तशीच चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला आणि तीत फायदा दिसला नाही. तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर छत्रीवर करा. सकाळी दहा ते दुपारी चार हे ऊन टाळण्याचे तास. घड्याळ नसेल तर आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन आपल्यासाठी नाही. सकाळचा फेरफटका, तुळशीला पाणी, देवदर्शन ही कामे लांब सावल्यांच्या वेळी उरकावीत. बाहेर जाणे अटळच असेल तर पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सुती सदरा, कान आणि मान झाकणारी रुंद काठाची टोपी, नाहीतर डोक्यावरून घेतलेले उपरणे किंवा पदर. गांधी टोपीने कान झाकले जात नाहीत, हे तिच्याविषयीचा सारा आदर राखून सांगावे लागते. दुचाकीवरून जाणाऱ्या आपल्या लेकी-सुना पांढरा सनकोट आणि स्कार्फ घालतात, त्यांचे अनुकरण आजोबांनीही करायला हरकत नाही.

सनस्क्रीन ही श्रीमंतांची चैन आहे, असा समज आहे. प्रत्यारोपणाच्या रुग्णासाठी ते औषध आहे. जर्मनीत १२० रुग्णांवर दोन वर्षे झालेल्या अभ्यासात नियमित सनस्क्रीन लावणाऱ्या साठ जणांपैकी एकालाही नवा स्क्वेमस सेल कर्करोग झाला नाही, आणि उरलेल्या साठ जणांच्या गटात असे आठ कर्करोग आढळले. हे गोरे रुग्ण होते, आपल्याला इतका फरक दिसणार नाही. तरीही चेहरा, कान, मान आणि हातांची पाठ यांसाठी ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे, 'यूव्ही-ए' आणि 'यूव्ही-बी' दोन्ही अडवणारे सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी वीस मिनिटे लावावे. दोन बोटांच्या लांबीएवढे मलम चेहऱ्याला आणि मानेला लागते. दोन तासांहून अधिक उन्हात राहणार असाल तर पुन्हा लावावे. ऊन टाळल्यामुळे 'ड' जीवनसत्त्व कमी पडू शकते, म्हणून पुढच्या रक्ततपासणीत त्याची चौकशी करावी.

मूत्रपिंड देणाऱ्या माता-भगिनींना यातले काही लागू नाही. त्या प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत नाहीत, त्यांची जोखीम चार लोकांसारखीच.

ज्यांचे नाव प्रतीक्षायादीत आहे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच एकदा त्वचा तपासून घ्यावी. ज्यांचे प्रत्यारोपण झाले आहे त्यांनी वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, आणि दर महिन्याला घरी स्वतः पाहावे. घरच्या तपासणीत शुश्रूषा करणाऱ्याची मदत हवीच, कारण पाठ, टाळू आणि कानामागची जागा स्वतःला दिसत नाही. खोलीत भरपूर उजेड असावा. टाळूपासून सुरुवात करून कान, ओठ, तोंडाच्या आतील भाग, पाठ, कमरेचा नाडीचा वळ, जांघा, गुप्तांग, बोटांची बेचकी, नखे आणि तळवे असे क्रमाने पाहत जावे. तळवे आणि नखे विसरू नका. मेलॅनोमा हा काळ्या डागाचा कर्करोग सावळ्या लोकांत बहुतेक तेथेच येतो. नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ किंवा तळव्यावरचा पसरणारा काळा डाग दिसला तर थांबू नका.

यात संकोच आडवा येतो, याची मला कल्पना आहे. सत्तरीच्या आजींना सुनेसमोर वस्त्र सोडायला लाज वाटते, आणि पुरुषांना तर डॉक्टरांसमोरही. झाकलेल्या भागातील दुखणी आपल्याकडे फार उशिरा येतात ती याचमुळे. आजींनी स्त्री डॉक्टरांची वेळ घ्यावी. आजोबांना पत्नीकडून पाहून घेता येईल. तेही नको असेल तर हातात आरसा धरून स्वतः पाहावे, पण पाहावे.

प्रत्येक डागाने घाबरून जाण्याचे कारण नाही. या रुग्णांच्या अंगावर शिबे, गजकर्ण, साध्या चामखिळी आणि स्टेरॉइडमुळे येणारी मुरमे नेहमीच दिसतात, आणि त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. मात्र दुकानातून स्वतःच आणलेली मिश्र मलमाची ट्यूब त्यांवर चोळू नये. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते, आणि मग मूळ रोग काय होता हेच ओळखू येत नाही. चार आठवड्यांत न भरलेला फोड, भराभर वाढणारी किंवा स्पर्शाला दुखणारी गाठ, रक्त येणारी चामखीळ, पुन्हा पुन्हा खपली धरणारा खरबरीत चट्टा, पायांवर किंवा तोंडात उठलेले जांभळट डाग, जुन्या भाजल्याच्या व्रणात नव्याने पडलेली जखम, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. त्यांना सर्वप्रथम सांगावे की हा रुग्ण प्रत्यारोपणाचा आहे. तुकडा तपासायला सांगितले तर टाळाटाळ करू नये. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, ही निव्वळ भीती आहे.

शंका येण्यासारखे काही दिसले की नातवंडाकडून मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून घ्यावे. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. पुढच्या महिन्यात त्याच जागेचे, त्याच उजेडात आणि तेच नाणे ठेवून दुसरे छायाचित्र काढावे. मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जाताना क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमसच्या पातळीचे कागद आपण न विसरता फाइलमध्ये घेता, त्यांच्याबरोबर ही दोन्ही छायाचित्रेही दाखवावीत.